शेवटच्या ‘ऑन’बद्दल आभार

श्री. केन लिऊ यांस,
सप्रेम नमस्कार.

लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही चिनी विज्ञानकादंबरी तुम्ही २०१४ साली इंग्रजीत आणलीत. म्हणजे आभाराला उशीरच झालाय. पण २०२४ मध्ये नेटफ्लिक्सची मालिका आली, इथे पुस्तकाची चर्चा नव्याने रंगली, आणि त्या चर्चेत लिऊ एकच, मूळ लेखक. दुसरे लिऊ कुणाच्या खिजगणतीत नाहीत. ज्यांच्यामुळे आपल्याला हे पुस्तक वाचता आलं त्यांचं नावही माहीत नसावं, याची लाज वाटून हे पत्र लिहितोय.

आभार सबंध पुस्तकाचे मानता येतील. मला एका शब्दाचे मानायचे आहेत: सोफॉन.

कादंबरीत परग्रहावरचं आरमार पृथ्वीवर पोचायला साडेचारशे वर्षं लागणार. तोवर माणसाचं विज्ञान पुढे गेलं तर पंचाईत. म्हणून ते लोक एक प्रोटॉन घेतात, त्याच्या मितींची (लांबी, रुंदी, उंची यांसारख्या दिशांची) घडी मोडतात, पसरलेल्या पृष्ठभागावर सर्किट कोरतात, पुन्हा घडी घालतात आणि तो शहाणा प्रोटॉन आपल्या कणत्वरकांतले (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांतले) प्रयोग नासवायला धाडून देतात. या प्रोटॉनचं चिनी नाव आणि साध्या प्रोटॉनचं चिनी नाव उच्चाराला हुबेहूब एक. लिपीत फक्त पहिलं अक्षर वेगळं: एकात ‘द्रव्य’, दुसऱ्यात ‘शहाणपण’. डोळ्याला फरक कळतो, कानाला नाही.

भाषांतर करणाऱ्याची इथे कोंडी होते. ‘शहाणा कण’ म्हणावं, तर लहान मुलांच्या गोष्टीतलं पात्र वाटतं. चिनी उच्चार तसाच ठेवावा, तर अर्थ गळतो. तळटीप द्यावी, तर विनोद समजावून सांगितल्यासारखं होतं. शिवाय हा शब्द पुढे पानोपानी येतो, वाचक कितीदा खाली बघणार? तुम्ही ग्रीकमधला ‘सोफिया’ घेतलात आणि त्याला ‘ऑन’ची शेपटी लावलीत. इलेक्ट्रॉन, फोटॉन, प्रोटॉन, सोफॉन. कानाला लगेच भावंडं वाटतात, आणि शहाणपण पोटात आहेच. मूळची गंमत उच्चार एक असण्यात होती, तुमची घराणं एक असण्यात आहे. इतकं नेटकं काम झालं की भाषांतर करणारा दिसतच नाही. तेच तुम्हाला भोवलं म्हणायचं.

हे इतकं मनाला लागायचं कारण आमच्याकडची सबटायटलं. पडद्यावर ‘थ्री-बॉडी’चं ‘तीन शरीरं’ होतं, जणू पोलीस पंचनाम्याला आलेत. खगोलशास्त्रात ते पिंड असतात. ‘तिथे पोचायला चार प्रकाशवर्षं लागतील’ हे तर नेहमीचंच; अंतराच्या एककाने वेळ मोजायची. सगळ्यात फसवी चूक होते ती हिंदीवरून मराठी करताना. हिंदीत ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल आणि ॲटमला ‘परमाणु’. मराठीत अणू म्हणजेच ॲटम, आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीतला ‘अणु’ तसाच उचलला की वाक्य व्याकरणाला शुद्ध राहतं आणि भौतिकशास्त्राला खोटं पडतं. तपासणाऱ्याला ते सापडतही नाही, कारण शब्द तर मराठीच आहे! वर, ‘प्रेक्षकाला एवढं कुठे कळतं?’ हा बचाव तयारच असतो. कळतं हो. ज्याला विज्ञानकथा आवडतात त्याला नेमकं एवढंच कळतं.

तुमच्या रीतीने मराठीत काय करता येईल? ‘प्रज्ञाणू’ कानाला छान, पण प्रोटॉन म्हणजे अणू नव्हे, तेव्हा बाद. ‘बुद्धिकण’ पाठ्यपुस्तकी. ‘प्रज्ञॉन’ मात्र जमतं: प्रोटॉन, प्रज्ञॉन. शेपटी जुळते आणि डोकंही. संस्कृत-ग्रीक संकराला नाक मुरडणारे मुरडोत. ‘ब्लॅक होल’साठीचा ‘कृष्णविवर’ही कधीकाळी नवाच होता, आम्हाला आज तो जन्मापासूनचा शब्द वाटतो. त्याच नावाची कथा जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती आणि तिला बक्षीसही मिळालं होतं.

घडी मोडण्याचा तो प्रसंगही तुम्ही घाई न करता नेलात. प्रोटॉन अकरा मितींचा. मिती कमी केल्या की पसारा वाढतो, कापडाची घडी मोडल्यासारखा. पहिल्या खेपेला एक मिती जास्तच मोडली जाते आणि दोरा होतो. त्याचे तुकडे केसांसारखे आभाळातून पडत राहतात. दुसऱ्या खेपेला एक मिती कमी मोडली जाते. तीन मितींतले आकार आभाळात तरंगतात, त्यांचे डोळे होतात, मग आरसा होऊन ते राजधानी जाळतात. तिसऱ्या खेपेला नेमक्या दोन मिती हाती लागतात आणि तो पत्रा सगळ्या ग्रहाला वेढतो. एक, तीन, दोन हा क्रम ध्यानात ठेवला तर वाचणारा हरवत नाही. बरेच जण हे प्रकरण ओलांडून पुढे जातात आणि मग सोफॉन म्हणजे काय ते विचारत फिरतात.

प्रकरणांच्या क्रमाचंही लिहायला हवं. २००६ मध्ये चिनी मासिकात कथा क्रमशः आली तेव्हा तिची सुरुवात माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीपासून होती. २००८ च्या चिनी पुस्तकात तो भाग सेन्सॉरच्या नजरेत येऊ नये म्हणून मधे सरकवला गेला. तुम्ही तो पुन्हा पुढे आणायचं सुचवलंत, आणि लेखक लगेच हो म्हणाले; त्यांनाही मुळात तेच हवं होतं. नेटफ्लिक्सची मालिका १९६६ च्या त्याच जाहीर झुंडसभेने उघडते, पोरीच्या डोळ्यांदेखत प्राध्यापक बापाला मारतात तिथे. २०२३ ची तीस भागांची चिनी मालिका २००७ पासून सुरू होते. दोन्ही लागोपाठ पाहिल्या की कळतं: तो बाप आधी दिसला नाही, तर पुढे परग्रहाला उत्तर धाडणारी हीच पोर, ये वेनज्ये, नुसती माथेफिरू वाटते.

या पुस्तकाला मिळालेला २०१५ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार, भाषांतरित कादंबरीला मिळालेला पहिलाच. घोषणा अंतराळ स्थानकातून झाली आणि लेखकाच्या वतीने तो घ्यायला तुम्हीच उभे होतात. दुसऱ्या भागाचं भाषांतर जोएल मार्टिनसेन यांनी केलं, तिथेही सोफॉन सोफॉनच राहिला. शब्द रुळला म्हणायचा. आणि आता नेटफ्लिक्सच्या मालिकेतली पात्रंही बिनदिक्कत तो वापरतात.

जाता जाता एक अडचण तुमच्याच कानावर घालतो. ते आरमार निघतं आल्फा सेंटॉरीहून. (खरं तर तिथले दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती शिस्तीत फेरी मारतात आणि तिसरा फार लांब आहे, त्यामुळे तीन ताऱ्यांच्या बेभरवशाच्या फिरण्याने पुस्तकात जो गोंधळ उडतो तो तिथे होणार नाही. पण ही तक्रार लेखकाकडे.) मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून हा तारा ऐन दक्षिणेला क्षितिजापासून दहा अंशांवर येतो, म्हणजे हात ताठ करून धरलेल्या मुठीएवढा वर. गोव्यात आणखी थोडा उंच. समोर इमारत आणि धुरकं नसलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचं मराठी नाव आहे ‘मित्र’.

तुम्ही असतात तर इथे तळटीप दिली असती का?

आपला,
एक वाचक