सायटिका म्हणजे दरवेळी मणक्यातली गादीच नव्हे

संपादक साहेब,
आमच्याकडे भातलावणी झाली की घरोघरी कुणाची ना कुणाची कंबर धरतेच. यंदा आईचा उजवा पाय धरला, कुल्ल्यापासून पार पोटरीपर्यंत, 'वीज मारता रे पायात' म्हणायची, विळीवर मासे कापायला बसणं पण होईना. एमआरआय काढला, गाद्या ठीक, मग डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, विषय संपला! सायटिकाचं, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेच्या दुखण्याचं, मुख्य कारण सरकलेली गादी हे मान्य, पण ही अंगठ्याएवढी जाड नस मांडीत उतरताना बहुतेकांत कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून जाते, काहींची मात्र जन्मतः वरच दुभागलेली असते आणि एक फाटा त्या स्नायूतून आरपार येतो. तिथे नस आवळली तरी पाय असाच दुखू शकतो. बीटन आणि ॲन्सन या शरीररचनेच्या अभ्यासकांनी १९३७ मध्येच नस आणि स्नायूच्या या मांडणीचे सहा प्रकार मांडलेत. आता अशी नस असली म्हणजे दुखणारच असं नाही, कित्येकांना जन्मभर पत्ता नसतो, त्यामुळे आईचं तेच असेल असं मी म्हणत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून म्हातारीला घरी पाठवण्याआधी कुल्ल्यात दाबून, पाय आत वळवून बघायला किती वेळ लागतो हो? दोन मिनिटं.
- एक वाचक, मालवण