सायगॉनचे रस्ते रिकामे नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या सायगॉनची, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीची, छायाचित्रे पाहिली. व्हिएतनाम म्हटले की आपल्याकडे एकतर युद्ध आठवते, नाहीतर शिवाजी महाराजांच्या नावाने फिरणारा तो बिनबुडाचा फॉरवर्ड. त्याऐवजी एका शहराला पानभर जागा दिलीत, बरे वाटले. तक्रार आहे ती छायाचित्रांखालच्या ओळींबद्दल.

एका निर्मनुष्य रस्त्याखाली 'गर्दीचा स्पर्श न झालेले शांत शहर' असे छापले आहे. वाचायला गोड, पण खरे कशावरून? एमिल ग्सेल हा फ्रेंच छायाचित्रकार १८६६ पासून सायगॉनमध्ये काम करत होता, १८७९ मध्ये वारेपर्यंत. त्या काळी काचेवर कलोडियन या चिकट रसायनाचा ओला थर चढवायचा आणि तो सुकायच्या आत फोटो घेऊन काच रसायनात धुवून चित्र उमटवायचेही. भिंगावरचे झाकण काही सेकंद तरी काढून ठेवावे लागे. तेवढ्यात समोरून गेलेला हमाल, बैलगाडी किंवा फेरीवाली काचेवर उमटतच नसे. उमटलीच तर धुरकट फराटा. उमटायची ती घरे, झाडे आणि उभी राहिलेली माणसे. तेव्हा रस्ता रिकामा दिसला म्हणून शहर शांत होते, असे लगेच ठरवू नये.

दुसरे म्हणजे, एकाही छायाचित्राखाली साल नाही. खरे तर ते बरेचदा चित्रातच सापडते. आजचा न्गुयेन ह्वे हा रुंद रस्ता पूर्वी कालवा होता. तो १८८७ मध्ये बुजवला. त्यामुळे तिथे पाणी आणि होड्या दिसल्या, तर फोटो त्याआधीचा. १८८० मध्ये बांधून झालेल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर टोकदार कळस चढले ते १८९५ मध्ये. तुमच्या पानावर मनोरे बोडके आहेत, आणि शेजारीच निळ्या-पिवळ्या रेनॉ टॅक्स्यांचा १९६० च्या दशकातला रंगीत फोटो! मधली सत्तरेक वर्षे गेली कुठे? ज्या रस्त्याला तुम्ही सरसकट 'कातिना' म्हटले आहे, तो १९५० च्या दशकात 'तू यो' झाला होता आणि १९७५ नंतर 'डोंग खोय' झाला. टॅक्स्यांच्या फोटोखाली 'कातिना' हे नाव चुकीचेच.

पोस्ट ऑफिस आयफेलने बांधले, ही लोणकढी तुम्हीही छापलीत. ती इमारत (१८८६ ते १८९१) आल्फ्रेड फुलू या वास्तुविशारदाची आहे. पर्यटकांना आयफेलचे नाव सांगितले की ते खूश होतात, एवढाच त्याचा संबंध.

आणखी एक खटकले. पानावर चर्च, पोस्ट ऑफिस, ऑपेरा हाउस, सगळे फ्रेंचांनी बांधलेले. चोलॉनचे, म्हणजे चिनी व्यापाऱ्यांच्या शहराचे, एकही चित्र नाही. ते स्वतंत्र शहर होते. १९३१ मध्ये दोन्ही एका कारभाराखाली आली. तांदळाचा व्यापार तिथे चाले. ते वगळून सायगॉन दाखवले, की गोऱ्या साहेबाच्या पोस्टकार्डातले सायगॉन तेवढे उरते.

पुढच्या भागात त्याच न्गुयेन ह्वे रस्त्याच्या (तेव्हाच्या बुलेव्हार शार्नेरच्या) कोपऱ्यावरचे १९२४ चे मोठे दुकान जरूर घ्यावे. २०१६ मध्ये ते पाडले, त्यामुळे आता ते फक्त फोटोतच पाहता येते. तेवढे साल आणि छायाचित्रकाराचे नाव द्या; आणि 'आयफेल'ची दुरुस्ती याच आठवड्यात छापलीत तर उत्तम.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे