नवं हेड गॅस्केट पुन्हा का जातं?

संपादक महोदय,

जुन्या ट्रकचं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यातला सांधा बंद ठेवणारं पातळ पॅकिंग) घरी बदललं आणि ते लगेच पुन्हा गेलं, की खापर गॅस्केटवर फुटतं. बहुतेकदा ते बिचारं निर्दोष असतं. गरम इंजिनाचे बोल्ट सोडले की हेड वाकतं. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, कडेकडून मध्याकडे येत बोल्ट थोडेथोडे ढिले करावेत. उतरवलेल्या हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मोजमाप) घालावा. ०.१० मिमीची पाती सरकली, तर बहुतेक हेडना फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करणं, लागतं. अंतिम मर्यादा मॅन्युअलचीच.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ब्लॉकमधली बोल्टची भोकं. तळाशी तेल-पाणी राहिलं की टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) पूर्ण आकडा दाखवतो, पण हेड नीट दाबलं जात नाही. कधी ब्लॉकही तडकतो. भोकं हवा मारून कोरडी करावीत. पृष्ठभाग घासायला ग्राइंडरची चकती नकोच, तिचे कण बेअरिंग खातात. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. आवळताना कायमचे ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यावेत, तिथे काटकसर नको.

टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या व्हॉल्व्हच्या झाकणाच्या) कॉर्क गॅस्केटवर मात्र जोर काढू नये. जास्त आवळलं की ते बाहेर फुगतं, चिरतं आणि तिथूनच तेल गळतं.

– एक वाचक