प्रतिकृतींचे रंगकाम आणि दुकानदारांची जबाबदारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुळवून रंगवायच्या प्लॅस्टिकच्या मानवी प्रतिकृतींचे संच ठाण्यातील काही दुकानांत खेळण्यांच्या फळीवर मांडलेले असतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. खोक्यावरचे रंगीत चित्र पाहून पालक संच घेतात. आत मात्र बहुधा चौकटीला जोडलेले एकाच करड्या रंगाचे सुटे भाग निघतात. रंग, कुंचला आणि डिंक वेगळे घ्यावे लागतात हे कळल्यावर दुकानदार हाताला येईल तो स्प्रेचा डबा किंवा इनॅमल रंग आणि थिनर पुढे करतो. थिनर ज्वालाग्राही असते, आणि या प्रतिकृतींचा डिंकही त्यांचे प्लॅस्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवून सांधा जोडणारे द्रावक असते. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या फ्लॅटमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती या वस्तू देणे योग्य नाही.

पहिल्यांदा रंगवणाऱ्याने, मग तो मुलगा असो वा निवृत्त गृहस्थ, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आणि एक चांगला बारीक कुंचला एवढ्यावरच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेले असले तरी काही जपानी रंगांत अल्कोहोल असते, हेही विचारून घ्यावे. प्रमाणाचा, म्हणजे प्रतिकृती मूळ आकाराच्या कितव्या हिश्श्याएवढी आहे याचा, विचार त्याहून महत्त्वाचा. जपानच्या तामिया कंपनीने १९६८ पासून रुजवलेल्या १:३५ प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस जेमतेम ५ सेंटीमीटरचा होतो. १:७२ मध्ये तो अडीच सेंटीमीटरही भरत नाही, आणि अशा चेहऱ्यावर डोळा काढताना अनुभवी माणसाचाही हात अडखळतो. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर रंग नीट धरत नाही. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली उभी रेघ पॉलिश पेपरने घासली नाही, तर ती रंग दिल्यावर अधिकच उठून दिसते. त्यानंतर अस्तर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर, आणि मग पातळ रंगाचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच. एकाच जाड थरात काम उरकले की कपड्यांच्या चुण्या आणि बोटांमधल्या फटी बुजून जातात. शेवटी चुण्यांच्या खोलगट भागांत गडद पातळ रंग सोडायचा आणि उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरवायचा, की सपाट वाटणारा अंगरखा जिवंत होतो. खाडीकाठच्या आपल्या शहरात पावसाळ्यात स्प्रेने वॉर्निश मारणे मात्र टाळावे, कारण दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.

हे सारे परदेशी व्हिडिओंतूनच शिकावे, असे नाही. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत अस्तर देणारे, अंगाचा रंग लावणारे आणि डोळ्यांची आखणी करणारे कारागीर आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि पाच सेंटीमीटरच्या सैनिकाचा डोळा त्यांच्या हाताला परका नाही. गणेशोत्सव संपल्यावर आणि दिवाळीतल्या किल्ल्यांची तयारी सुरू होण्याआधी त्यांना थोडी उसंत असते. त्या आठवड्यांत महापालिकेच्या शाळांमधून किंवा ग्रंथालयांच्या सभागृहांतून, योग्य मानधन देऊन, त्यांचे वर्ग घेता येतील. (किल्ल्यावर ठेवायचे मावळे सध्या बहुतेक एकाच चकचकीत रंगात बुडवलेले मिळतात, ते मुलांनी स्वतः रंगवले तर किल्ला कितीतरी देखणा होईल.) मराठा सैनिकांचे असे संच सहजी मिळत नाहीत, ही खंत वेगळीच.

तूर्त दुकानदारांना एवढीच विनंती, की संचाच्या फळीवर मराठीत एक पाटी लावावी. आत रंग नाहीत, हा संच साधारण कोणत्या वयासाठी आहे, पाण्यात मिसळणारे रंग कोणते आणि थिनर लागणारे कोणते, एवढे तिच्यावर लिहिले तरी पुरे.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे