सायटेशनचे आकडे छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय संशोधन संस्थेच्या कामगिरीची बातमी बहुधा तीन आकड्यांत आटोपते: एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (इतरांच्या निबंधांनी दिलेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स (तो २० म्हणजे किमान २० सायटेशन मिळालेले २० निबंध). यांतला सायटेशनचा आकडा सर्वांत फसवा.

समजा, दहा निबंधांपैकी नऊंना प्रत्येकी १० आणि एकाला ९०० सायटेशन मिळाली. सरासरी ९९, पण मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १०च. तो एक निबंध जगभरातल्या आजारांचा भार मोजणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या मोठ्या प्रकल्पाचा असू शकतो, तिथे लेखकांची यादीच शेकडोंची असते. ३०० लेखकांत संस्थेचा एकच असला, तरी पूर्ण मोजणीत ९०० सायटेशन तिच्या नावावर चढतात. वाट्यानुसार मोजले, तर हाती येतात ३. बाकीचे नऊ निबंध सर्वस्वी संस्थेचे धरले, तरी एकूण बेरीज ९९० वरून ९३ वर येते.

निबंधांची संख्याही दिसते तितकी सरळ नसते. लेखक संस्थेचे नाव कधी पूर्ण लिहितात, कधी आद्याक्षरांत, तर कधी नुसते संलग्न रुग्णालयाचेच. सगळी रूपे शोधून एकत्र करावीत, डीओआय (निबंधाचा ओळख क्रमांक) जुळवून दुबार नोंदी काढाव्यात, संपादकीये आणि परिषदांचे सारांश वेगळे ठेवावेत. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे मसुदे) धरतो, त्यामुळे तिथला आकडा सहसा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या डेटाबेसपेक्षा मोठा असतो. सोयीचा तो उचलायचा मोह होतोच!

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एकेका शास्त्रज्ञासाठी सुचवला होता. जुनी, मोठी संस्था त्यात आपोआप पुढे राहते, कारण काम थंडावले तरी तो खाली येत नाही. त्यापेक्षा त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीशी तुलना करावी. सरासरी १ धरली, तर १.३ म्हणजे तीस टक्के अधिक. लहान संस्थेत मात्र एखादा गाजलेला निबंध हाही आकडा फुगवतो. म्हणून सोबत जगातल्या सर्वाधिक सायटेशनच्या वरच्या १० टक्क्यांत किती निबंध बसतात, ते द्यावे.

बातमीखाली एवढी एक ओळ छापावी: डेटाबेस कोणता, कोणत्या तारखेला पाहिला, निबंध कोणत्या वर्षांचे, मोजणी पूर्ण की वाट्यानुसार. संस्थेला हे सांगता येत नसेल, तर तिचा आकडा छापायची घाई करू नये.

— वैद्यकीय ग्रंथालयातील एक वाचक