बाई, आपण माझी यादी खोडलीत त्याबद्दल

आदरणीय बाईंस,
सादर प्रणाम.

हे पत्र खरे तर घरी येऊन आपल्या हातात द्यायचे. पण जपानमधल्या क्योतो शहराहून परतल्यापासून ‘एकटीने कसे जमवलेस’ हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचे उत्तर चारचौघांत देणे मला भाग वाटते. ते मी जमवले नाही, आपण जमवून दिलेत. आपले नाव कुठे येता कामा नये अशी तंबी आपण दिली आहे, म्हणून ‘बाई’ एवढ्यावरच थांबते.

ऑगस्टमध्ये मी आपल्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत 4 दिवसांसाठी 23 ठिकाणे होती आणि त्या वहीचा मला बराच अभिमान होता. वर्षानुवर्षे सहलीला गेले ती कुणाच्या तरी मागून. या वेळी एका सहल कंपनीने ‘एकट्या बाईसाठी खोलीचे पैसे दुप्पट’ असे सांगितल्यावर हट्टानेच सगळे स्वतः ठरवायला बसले होते. आपण चष्मा लावून ती यादी दोनदा वाचलीत, लाल पेन मागितलेत आणि चहा होईपर्यंत 16 नावांवर काट मारलीत. क्योतोत 1600 च्या आसपास बौद्ध मंदिरे आणि 400 च्या आसपास शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, देवस्थाने आहेत, त्यामुळे तू 23 पाहिलीस काय आणि 7 पाहिलीस काय, हिशेबाला सारखेच, असे आपले म्हणणे होते. त्या दिवशी मी घरी जाताना थोडी रुसले होते, हे आज कबूल करते.

पण काट मारून आपण थांबला नाहीत. कागदावर एक उभा चौकोन काढून पूर्वेला, उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर दाखवलेत, मधून दक्षिणेकडे वाहणारी कामो नदी काढलीत, आणि हे शहर 794 मध्ये चीनच्या चांगआन या राजधानीच्या धर्तीवर आखून वसवले, म्हणून त्याचे रस्ते पटावरच्या घरांसारखे आहेत, हे समजावलेत. सांजो म्हणजे तिसरा हमरस्ता, शिजो चौथा, गोजो पाचवा, शिचिजो सातवा. आकडे वाढत गेले की तू दक्षिणेला चालली आहेस, एवढे लक्षात ठेव म्हणालात. तिथल्या पत्त्यात उत्तरेला जाण्याला ‘वर जाणे’ आणि दक्षिणेला जाण्याला ‘खाली उतरणे’ म्हणतात, हेही आपल्याकडूनच कळले. आमच्या पुण्यात सोमवारापासून रविवारापर्यंत सगळ्या वारांच्या पेठा आहेत, पण मंगळवारनंतर कुठली पेठ लागेल हे नकाशाशिवाय सांगणे परक्याला अवघड. त्या मानाने क्योतोत एकटीला चुकायला फार कष्ट घ्यावे लागतात. मी एकदाच चुकले, तेही फोनवरच्या नकाशाचे ऐकल्यामुळे.

राहण्याच्या जागेबद्दलचा आपला सल्ला मला सर्वांत उपयोगी पडला, आणि एकटीने जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकीला मी तोच सांगते आहे. मी मोठ्या स्टेशनसमोरचे हॉटेल बघत होते. आपण म्हणालात, केइहान रेल्वेच्या शिचिजो स्टेशनजवळ उतर. ही गाडी नदीच्या काठाकाठाने जाते आणि मला पाहायच्या बहुतेक जागा याच एका मार्गावर किंवा त्याच्या जवळ आहेत : शिचिजोला सांजूसानगेन्दो हे देऊळ, पुढे कियोमिझु-गोजो, त्याच्या पुढे गिओन-शिजो, आणि उलट दिशेला फुशिमी-इनारी ही स्टेशने. साधी बस शहराच्या मुख्य भागात कुठेही गेली तरी 230 येन घेते आणि स्वस्त वाटते, पण पर्यटकांच्या बॅगांनी इतकी भरलेली असते की दोन थांब्यांनंतर उतरावेसे वाटते. शिवाय एकाच स्टेशनवर रोज परतल्याने अंधार पडल्यावरचा रस्ता ओळखीचा झाला, आणि एकट्या बाईला परगावी याचे मोल किती असते हे वेगळे सांगायला नको.

अंधाराचाही विचार आपणच केला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळे चार ते पाचच्या दरम्यान दारे लावतात, म्हणून आपण दिवस उलटा मांडून दिलात : पहाटे जिथे दार उघडे असते तिथे आधी जायचे. कियोमिझु-देरा सकाळी 6 ला उघडते. 1633 च्या बांधणीच्या त्या सभामंडपाचा 13 मीटर उंच लाकडी सज्जा, खाली लालसर झालेली मेपलची उरलीसुरली पाने, आणि माझ्याखेरीज तिथे काठी टेकत आलेले तीन स्थानिक आजोबा. दहा वाजता उतरताना वर चढणारी गर्दी पाहिली आणि आपल्याला मनात हात जोडले. फुशिमी इनारीला तर दारच नाही; भातशेतीच्या त्या देवाकडे दिवसरात्र केव्हाही जाता येते, तिकीट नसते, आणि शेंदरी तोरीई कमानींच्या रांगांतून 233 मीटरच्या टेकडीवर मी सात वाजेपर्यंत निम्मी चढून गेले होते. वाटेत धान्यकोठाराची किल्ली तोंडात धरलेला दगडी कोल्हा आपण सांगितला होतात तसाच भेटला.

सांजूसानगेन्दोला मात्र आपण ‘अर्धा दिवस’ लिहिले होतेत आणि एका सभागृहासाठी अर्धा दिवस कशाला, असे मला वाटले होते. सुमारे 120 मीटर लांबीच्या त्या लाकडी मंडपात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 1000 उभ्या मूर्ती आणि मधोमध बसलेली एक मोठी मूर्ती. त्या रांगांनी माणूस दिपतो, पण आपण मला त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या 28 रक्षक देवतांपाशी थांबायला सांगितले होते. तिथे तायशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, आणि कारुरा म्हणजे गरुड, तोही चक्क बासरी वाजवणारा! एका टोकाला पाठीवर वाऱ्याची पिशवी घेतलेला वायुदेव. आत फोटो काढायला मनाई असल्यामुळे हातांना काही काम नव्हते. मी तिथे दोन तास उभी राहिले. सोबत कुणी असते तर वीस मिनिटांत ‘चला’ ऐकू आले असते.

आता जेवणाबद्दल. ‘मांस नको’ एवढे जपानीत म्हणता येते, या भरवशावर मी होते. उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शात आणि मिसो सूपमध्येही सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क असतो, त्यामुळे ‘मांस नको’ म्हटल्यावर माणूस हसून तोच वाडगा पुढे ठेवतो, हे आपण सांगितले नसते तर मला परत आल्यावरही कळले नसते. आपण जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलेत की मासा, मांस आणि माशाचा अर्क चालत नाही, कोम्बु या समुद्री वनस्पतीचा अर्क चालतो. ती पत्रिका मी 4 दिवसांत 9 वेळा दाखवली. दोन ठिकाणी मान हलवून नम्रपणे नकार मिळाला, आणि तो नकार मला फसव्या होकारापेक्षा बरा वाटला. नान्झेनजी या देवळाजवळ युदोफू, म्हणजे कोम्बुच्या पाण्यात उकळलेला तोफू, खाल्ला. एक दिवस शोजिन र्‍योरी, मठातले जेवण, घेतले. त्यात कांदा-लसूणही नसतो हे वाचून आईचा चातुर्मास आठवला.

एक कबुली राहिली. आपण किन्काकुजीवर, म्हणजे सोनेरी मंदिरावर, काट मारताना म्हणाला होतात की ते मूळचे 1950 मध्ये जळाले, आताचे 1955 चे आहे, ते तुझी वाट पाहील. शेवटच्या दिवशी मला मोह आवरला नाही. बसमध्ये उभ्याने जाऊन, खांद्याला खांदा लावून पुढे सरकणाऱ्या रांगेतून ते सोनेरी मंदिर पाहिले. सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्या बसच्या नादात तोजी या देवळाला पोचेपर्यंत पाच वाजून गेले होते. हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला ब्रह्मदेव ज्या व्याख्यानमंडपात आहेत, तो बंद झाला होता. 55 मीटरचा तो पाच मजली मनोरा रस्त्यावरूनच, काळ्या आकाशावर काळा, पाहिला आणि स्टेशनपर्यंत चालत परतले.

आपल्यासाठी देवळांचे शिक्के आणि हस्ताक्षरे घ्यायची वही, गोशुइन-चो, आणली आहे. पहिली 6 पाने भरली आहेत आणि तोजीचे पान मी कोरे ठेवले आहे. लग्नपत्रिकाही परत करते, कडा थोड्या मळल्या आहेत. रविवारी चारच्या सुमारास येईन. लाल पेन मी घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी