उम्म अर-रसासच्या दानलेखांविषयी जॉर्डनच्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. पर्यटन व पुरातत्त्व मंत्री,
जॉर्डन

सादर नमस्कार.

उम्म अर-रसास येथील सेंट स्टीफन चर्चच्या मोझेक, म्हणजे रंगीत दगडी तुकडे जडवून केलेल्या, जमिनीवरील ग्रीक दानलेखांचे पूर्ण वाचन, अरबी व इंग्रजी अनुवादासह, प्रत्येक लेखासमोर ओळीला ओळ लावून मांडावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या जमिनीच्या कडेने जेरुसलेम, गाझा, मादबा, फिलाडेल्फिया म्हणजे आजचे अम्मान, अशी नगरांची चित्रे आहेत आणि पाहणाऱ्याची नजर साहजिकच तिकडे जाते. परंतु या गावाची ओळख पटली ती येथील लेखांमुळे. मुख्य दालनातील लेख सांगतो की बिशप सर्गियस यांच्या काळात, योहान नावाच्या डीकनच्या (चर्चमधील एका धर्मसेवकाच्या) देखरेखीखाली आणि ‘कास्त्रोन मेफा’च्या (हे या गावाचे जुने नाव) सर्व ख्रिस्तप्रेमी लोकांच्या पुढाकाराने हे चर्च मोझेकने सजवले गेले. दान एका धनिकाचे नाही, गावाचे आहे, आणि गावाने स्वतःचे नावही त्यात लिहून ठेवले आहे.

याच लेखातील वर्षाची गोष्ट आपल्यापुढे मुद्दाम मांडतो. ग्रीक लेखात आकडे अक्षरांनी लिहीत, आणि येथे वर्षे मोजली आहेत ती रोमनांनी इ. स. १०६ मध्ये स्थापलेल्या अरबिया प्रांताच्या शकाने. उत्खननानंतर हे वर्ष ६८०, म्हणजे इ. स. ७८५, असे वाचले गेले. पुढे अभ्यासकांनी ते ६१३, म्हणजे इ. स. ७१८, असे वाचले. ऐंशीसाठी ‘पाय’ हे अक्षर येते: दोन उभ्या रेघा आणि वर त्यांना जोडणारी आडवी रेघ. तेरासाठी ‘आयोटा’ आणि ‘गॅमा’ शेजारी-शेजारी येतात, आणि ती अगदी जवळ आली की ‘पाय’सारखी दिसू शकतात. निकाल लागला तो लेखातच दिलेल्या दुसऱ्या कालगणनेने. पंधरा वर्षांच्या करचक्रातील दुसरे वर्ष आणि ऑक्टोबर महिना असे तेथे म्हटले आहे, आणि ते ७१८ शी जुळते, ७८५ शी नाही. नखाएवढ्या चार-दोन दगडी तुकड्यांवर सदुसष्ट वर्षांचा इतिहास अवलंबून आहे. ते तुकडे निखळले, तर हा वाद पुन्हा कुणालाच तपासता येणार नाही.

वेदीजवळचा लेख इ. स. ७५६ चा आहे. एस्बूसचा, म्हणजे आजच्या हेस्बानचा, स्तावराखियोस, झादाचा मुलगा, आणि त्याचा सहकारी यूरेमियोस या कारागिरांची नावे त्यात आहेत. या जमिनीवरील माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती पुढे जाणूनबुजून विस्कटल्या गेल्या. दानकर्त्यांचे चेहरेही त्यात गेले. नावे मात्र राहू दिली गेली. ज्यांनी चेहरे पुसले त्यांनीही ज्या अक्षरांना हात लावला नाही, ती आज केवळ वाचता येत नाहीत म्हणून दुर्लक्षित राहावीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मादबाच्या अपोस्टल्स चर्चमध्ये, इ. स. ५७८ च्या जमिनीवर, समुद्राच्या मूर्त रूपाभोवती गोलाकार लिहिलेल्या प्रार्थनेत अनास्तासियस, थॉमस आणि थिओडोरा यांच्या बरोबरीने सलामानियोस हा मोझेक कारागीर स्वतःसाठीही आयुष्य मागतो. हे वाचताना मला आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होते. तेथे धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवन (ग्रीक मानल्या जाणाऱ्या) सिहधयाने खांब दान दिल्याचा लेख आहे आणि वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने दार घडवल्याचाही. ते लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, त्यांचा धर्म निराळा आणि काळही कितीतरी आधीचा. तरीही दात्याशेजारी कारागिराचे नाव ठेवण्याची ती रीत आम्हाला परकी वाटत नाही.

म्हणून विनंती अशी की वाचनफलकावर मूळ ओळ, तिचा अर्थ, आणि जेथे वाचनाविषयी मतभेद आहे तेथे दोन्ही वाचने द्यावीत; प्रत्येक अक्षराची जवळून घेतलेली छायाचित्रे सर्वांना पाहण्यासाठी खुली करावीत; आणि दरवर्षीच्या डागडुजीपूर्वी व नंतर ती पुन्हा घ्यावीत. सुरुवात ‘कास्त्रोन मेफा’ या दोन शब्दांपासून झाली, तर त्या गावच्या मुलांना आपल्या गावाचे जुने नाव जागेवरच वाचता येईल.

आपला नम्र,
पुराभिलेखांचा एक मराठी वाचक